लिनक्सवर वायफाय चालत नाही तेव्हा काय करायचं

पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. एका पानावर एक लॅपटॉप. वर मुलाचं गाव आणि बाकाचा नंबर, खाली लॅपटॉपचं मॉडेल आणि त्याखाली लाल पेनाने आठ अक्षरं, चार-चारच्या दोन गटांत. ही आठ अक्षरं म्हणजे आतल्या वायफाय कार्डाची ओळख. लिनक्सवर वायफाय अडलं की माझं काम या आठ अक्षरांपासून सुरू होतं.

मी बरीच वर्षं एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळली, आता अभ्यासिका सांभाळते. इथे बसणारी मुलं-मुली बीड, नांदेड, जत, साक्री अशा गावांहून एमपीएससीच्या तयारीला आलेली. लॅपटॉप बहुतेकांचे जुने, कुणाच्या दादाचा, कुणी सेकंड हँड घेतलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि यातल्या कितीतरी लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही. मग कुणीतरी मित्र विंडोजऐवजी लिनक्स टाकून देतो, त्यातला मिंट नाहीतर उबंटू हा प्रकार. स्क्रीन छान दिसते, आवाज येतो, लॅपटॉप पूर्वीपेक्षा हलका चालतो. फक्त वायफायचं चिन्ह नसतं. आणि टेस्ट सिरीज ऑनलाइन असते.

अशा वेळी मुलं फोनवर शोधतात, पहिली सापडेल ती कमांड टाकतात, मग दुसरी, मग तिसरी. माझ्याकडे येईपर्यंत मूळचा बिघाड एक असतो आणि वर चढवलेले तीन. मला ते बघून फार वाईट वाटतं, कारण मुलाचे दोन दिवस गेलेले असतात आणि मूळची गोष्ट बहुतेक वेळा वीस मिनिटांची असते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घरात पाणी आलं नाही तर आपण आधी तोटी खोलत बसत नाही. आज पाणी बंद असण्याचा वार, म्हणजे गुरुवार आहे का, टाकीत पाणी आहे का, वॉल्व्ह सुरू आहे का, हे बघून मग तोटीकडे येतो. वायफायचंही तसंच आहे. लॅपटॉपला कार्ड दिसतंय का? दिसत असेल तर त्याला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लागलाय का? ड्रायव्हर असेल तर त्याला फर्मवेअर मिळालंय का? रेडिओचा खटका कुणी बंद करून ठेवलाय का? हे सगळं ठीक असेल तरच पासवर्ड आणि राउटरकडे बघायचं. कुठल्या टप्प्यावर अडलंय ते कळेपर्यंत काहीही इन्स्टॉल करायचं नाही. हा माझा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

कमांडबद्दल एक सांगते. सुट्टीत मुलं गावाहून फोन करतात, तेव्हा मी कमांड जशा बोलून सांगते तशाच इथे लिहिल्या आहेत. सगळी अक्षरं इंग्रजी, लहान लिपीतली. ‘स्पेस’ म्हटलं की जागा सोडायची, ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ, बाकी सगळं सलग. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ. सुडोनंतर पासवर्ड विचारला जातो, तो टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलाय असं समजू नका, पासवर्ड टाका आणि एंटर दाबा.

आधी फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या

ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर लागतो. इथे बहुतेक जण अडकतात आणि पेन ड्राइव्हवर एकेक फाइल आणून घालायला लागतात. त्याची गरज नसते. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमधे हॉटस्पॉट आणि टिदरिंगमधे जाऊन ‘यूएसबी टिदरिंग’ सुरू करा. लिनक्सला हा फोन वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नेलमधे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून असतो. पाच-दहा सेकंदांत वायर्ड कनेक्शन लागतं.

फोन स्वतः वायफायवर असला तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, त्यामुळे मोबाइल डेटाही खर्च होत नाही. टिदरिंगचं बटण फिकट दिसत असेल तर केबल बदला. काही स्वस्त केबलींमधे फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. मी तापकीर गल्लीतून एक चांगली डेटा केबल आणून त्याच खणात, वहीशेजारी ठेवली आहे आणि ती कुणालाही चार्जिंगला देत नाही.

आठ अक्षरं

टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि लिहा: ‘एल एस पी सी आय स्पेस डॅश एन एन के’, पहिली पाच अक्षरं सलग आणि डॅशनंतरची तिन्ही सलग. भली मोठी यादी येते. तिच्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. ‘इथरनेट कंट्रोलर’ ही वायरच्या जोडणीची ओळ, ती सोडून द्या. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात चार अक्षरं, मग दोन टिंबं, मग चार अक्षरं दिसतील. तीच आपली ओळख.

पहिली चार अक्षरं चिप बनवणाऱ्या कंपनीची. ८०८६ दिसलं तर इंटेल. इंटेलने आपल्या जुन्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा घेतलाय, म्हणून तो लक्षात राहतो. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. पुढची चार अक्षरं नेमक्या चिपची. लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमधे वेगवेगळी कार्डं मी स्वतः बघितली आहेत, शेजारशेजारच्या बाकांवर.

त्याच ओळीखाली आत सरकवलेल्या आणखी ओळी असतात. ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर कार्डाला ड्रायव्हर लागलेला आहे. ही ओळ नाही, फक्त ‘कर्नेल मॉड्यूल्स’ आहे, तर ड्रायव्हर घरात आहे पण कामाला लागलेला नाही. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नेलला हे कार्ड ओळखताच येत नाही. या तीन स्थितींचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून त्या ओळी जशाच्या तशा वहीत उतरवून घ्या. शिवाय ‘यूनेम (यू एन ए एम ई सलग) स्पेस डॅश आर’ टाकून कर्नेलचा आकडाही लिहा.

बाहेरून लावलेला छोटा यूएसबी डोंगल असेल तर तो या यादीत येत नाही. त्यासाठी ‘एल एस यू एस बी’, पाचही अक्षरं सलग. काही रिअलटेक डोंगल लावल्यावर ०बीडीए:१ए२बी अशी ओळख सांगतात आणि फाइल मॅनेजरमधे सीडी उघडते. त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. ती सीडी फाइल मॅनेजरमधून ‘इजेक्ट’ करा, डोंगल स्वतःचं खरं रूप घेतो आणि नवा आकडा दाखवतो. तो आकडा लिहायचा, सीडीचा नाही.

खटका

हे दोन मिनिटांचं काम, म्हणून मी ते लगेच उरकते. ‘आरएफकिल स्पेस लिस्ट’. वायरलेस लॅनच्या खाली दोन ओळी येतात. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे येस असेल तर ‘सुडो स्पेस आरएफकिल स्पेस अनब्लॉक स्पेस ऑल’ टाका, संपलं. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे येस असेल तर कमांडने काही होणार नाही. लॅपटॉपवर विमानाचं चित्र असलेली कळ किंवा कडेला सरकता खटका असतो, तो हाताने सुरू करावा लागतो. नांदेडच्या एका मुलीने लॅपटॉपला संरक्षक कव्हर चिकटवलं होतं आणि पुढच्या कडेचा खटका त्याखाली बंद स्थितीत दबून गेला होता. कव्हर ब्लेडने कापलं आणि वायफाय आलं. त्याआधी तिने दोनदा पूर्ण लिनक्स नव्याने टाकलं होतं.

ड्रायव्हर आहे, फर्मवेअर नाही

ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे शब्द मुलं एकाच अर्थाने वापरतात, पण त्या दोन वस्तू आहेत. ड्रायव्हर हा कर्नेलचा भाग, तो लॅपटॉपच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. आजकालच्या बहुतेक कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलतो आणि कार्डात भरतो. फाइल डिस्कवर नसली की कार्ड जागं होत नाही.

बघण्यासाठी लिहा: ‘सुडो स्पेस डी एम ई एस जी’, ही पाच अक्षरं सलग, मग स्पेस, उभी रेघ, स्पेस, ‘ग्रेप (जी आर ई पी सलग) स्पेस डॅश आय स्पेस फर्मवेअर’. उभी रेघ बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वर असते, शिफ्ट दाबून येते. उत्तरात ‘फेल्ड विथ एरर उणे २’ असं दिसलं तर उणे २ चा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल सापडली नाही.

पण इथे घाई करू नका. इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नवी फर्मवेअर फाइल मागतो, ती नसेल तर तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची. त्यामुळे दोन-चार ओळी उणे २ च्या आणि शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ असेल तर सगळं व्यवस्थित आहे, बिघाड दुसरीकडे शोधा. जतच्या एका मुलाने त्या उणे २ च्या मागे लागून फर्मवेअरच्या फोल्डरमधल्या फाइली हाताने बदलल्या आणि चालणारं कार्ड बंद पाडलं. शेवटची ओळ वाचली असती तर तो त्या वाटेला गेलाच नसता.

फाइल खरोखरच नसेल तर मिंट आणि उबंटूवर ‘लिनक्स डॅश फर्मवेअर’ नावाचं पॅकेज पुन्हा टाकायचं: ‘सुडो स्पेस एपीटी स्पेस अपडेट’, मग ‘सुडो स्पेस एपीटी स्पेस इन्स्टॉल स्पेस डॅशडॅशरीइन्स्टॉल स्पेस लिनक्सडॅशफर्मवेअर’. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकारावर कंपनीगणिक वेगळी पॅकेजेस आहेत. ‘फर्मवेअर’ शब्दापुढे डॅश आणि मग इंटेलसाठी आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकसाठी रिअलटेक, अथेरॉससाठी अथेरॉस. डेबियनच्या मंडळींनी २०२२ मधे मतदान घेऊन हे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमधे घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ मधे आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबत येतं. त्याआधीचं डेबियन जुन्या पेन ड्राइव्हवरून टाकलं असेल तर फर्मवेअर नसणार हे धरूनच चाला.

सगळं झाल्यावर रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. नुसत्या रीस्टार्टमधे कार्डाची वीज तुटेलच असं नाही.

ड्रायव्हरच नाही

इथे दोन रस्ते फुटतात आणि बहुतेक मुलं चुकीचा धरतात. इंटरनेटवर कुणीतरी ड्रायव्हरचा कोड ठेवलेला असतो, तो उतरवून हाताने बांधून टाकतात. त्या दिवशी चालतो. दोन आठवड्यांनी कर्नेलचा अपडेट येतो आणि वायफाय पुन्हा गायब, कारण तो ड्रायव्हर जुन्या कर्नेलपुरता बांधलेला होता.

आधी नवा कर्नेल घेऊन बघा. लिनक्समधे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात, त्यामुळे कार्ड नवं आणि कर्नेल जुना अशी जोडी पडली की कार्ड अनोळखी राहतं. इंटेल एएक्स२१० ला ५.१० किंवा त्यापुढचा कर्नेल हवा, मीडियाटेक एमटी७९२१ ला ५.१२ किंवा त्यापुढचा. मिंटमधे अपडेट मॅनेजर उघडून ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नेल्स’ आहे, तिथून नवा कर्नेल माउसने निवडता येतो. जुना कर्नेल काढू नका. नवा बिनसला तर सुरू होताना येणाऱ्या ग्रब नावाच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्यावर परतता येतं.

रिअलटेक १०ईसी:सी८२१, म्हणजे आरटीएल८८२१सीई, हे कार्ड जुन्या लॅपटॉपमधे खूप सापडतं. त्याला एके काळी बाहेरूनच ड्रायव्हर बांधावा लागायचा. ५.९ पासून कर्नेलमधेच तो आला. आता गंमत अशी नाही तर अडचण अशी होते की जुना लेख वाचून कुणी बाहेरचाही टाकतो आणि मग एका कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात. वायफाय लागतं, सुटतं, लागतं, सुटतं. ‘डीकेएमएस स्पेस स्टेटस’ टाकून बाहेरचा ड्रायव्हर दिसतोय का बघा आणि कर्नेल नवा असेल तर बाहेरचा काढून टाका.

खरोखर बाहेरचा ड्रायव्हर लागतो असं माझ्या वहीतलं नेहमीचं उदाहरण म्हणजे ब्रॉडकॉमचं १४ई४:४३६५, बीसीएम४३१४२. कर्नेलमधले खुले ड्रायव्हर या चिपला चालवत नाहीत. कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर घ्यावा लागतो, त्याचं मॉड्यूल ‘डब्ल्यूएल’ एवढ्या दोनच अक्षरांचं. मिंटमधे ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आणि उबंटूमधे ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा, तिथे ब्रॉडकॉमचं नाव आपोआप येतं, टिक करून लागू करा. मिंटमधे तर इंटरनेट नसेल तरी चालतं. ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलं तोच लावून ठेवला की ड्रायव्हर मॅनेजर त्यातून फाइल उचलतो. डेबियनवर पॅकेजचं नाव ‘ब्रॉडकॉम डॅश एसटीए डॅश डीकेएमएस’.

डीकेएमएस म्हणजे कर्नेल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधून देणारी व्यवस्था. त्यासाठी त्या कर्नेलची ‘हेडर्स’ पॅकेजेस असावी लागतात. अपडेटनंतर अचानक वायफाय गेलं तर दहातल्या आठ वेळा हेडर्स राहून गेलेले असतात, हा माझा अनुभव. ‘सुडो स्पेस एपीटी स्पेस इन्स्टॉल स्पेस लिनक्सडॅशहेडर्सडॅशजेनेरिक’ हे मिंट आणि उबंटूवर बहुधा पुरतं. नव्या हार्डवेअरसाठीचा वेगळा कर्नेल घेतला असेल तर हेडर्सही त्याच मालिकेतले घ्या.

आणि सिक्युअर बूट. लॅपटॉपमधे ते सुरू असेल तर सहीशिवायचा ड्रायव्हर कर्नेल आत घेत नाही. ‘मॉकयूटिल (एम ओ के यू टी आय एल सलग) स्पेस डॅशडॅशएसबीडॅशस्टेट’ टाकलं की सुरू आहे का बंद ते कळतं. सुरू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. मुलं घाईत काहीतरी दाबून पुढे जातात. तो पासवर्ड कागदावर लिहा. पुढच्या वेळी सुरू होताना निळी स्क्रीन येते आणि काही सेकंदच थांबते. तेवढ्यात एखादी कळ दाबायची, ‘एनरोल मॉक’ निवडायचं, ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड आणि ‘रीबूट’. कळ दाबायची राहिली तर लॅपटॉप तसाच पुढे जातो आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. मी या निळ्या स्क्रीनच्या वेळी मुलाला माझ्यासमोर बसवते आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायला सांगते, कारण लक्ष एक क्षण हललं की पुन्हा पहिल्यापासून.

बाक नंबर १४

हे प्रकरण मी तपशिलात सांगते, कारण यात सगळे टप्पे बरोबर होते आणि तरी वायफाय चालत नव्हतं.

साक्रीचा मुलगा, बाक नंबर १४. राउटर जिन्याच्या तोंडाशी फळीवर आहे. चौदा नंबरवर सगळ्यांच्या फोनला भरपूर रेंज, याच्या लॅपटॉपला एक दांडी, तीही येऊन जाऊन. हा मुलगा आठवडाभर जिन्याच्या पायरीवर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन व्याख्यानं ऐकत होता. येणारे-जाणारे त्याच्या अंगावरून जायचे. मला वाटलं गर्मीमुळे बसतो. विचारलं तर म्हणाला, “काकू, इथंच लागतंय.”

वहीत लिहिलं: १०ईसी:बी७२३. ड्रायव्हर इन यूज, आरटीएल८७२३बीई. फर्मवेअर ठीक. खटका ठीक. म्हणजे कार्ड ऐकत होतं, पण बहिऱ्यासारखं.

खालचं झाकण उघडलं. बोटाच्या पेराएवढं हिरवं कार्ड, त्यावर तांदळाच्या दाण्याहून लहान दोन सोनेरी बटणं. अँटेनाची तार एकाच बटणावर बसवलेली. दुसरं बटण रिकामं, आणि आजूबाजूला दुसरी तार कुठेच नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याने एकच अँटेना दिली होती आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या बटणाला कान लावून बसला होता. राउटरखाली जाऊन बसलं की तारेशिवायही थोडंफार ऐकू येतं, म्हणून पायरीवर लागत होतं.

या ड्रायव्हरला कुठल्या बटणावर ऐकायचं ते सांगता येतं. आधी ड्रायव्हर काढायचा: ‘सुडो स्पेस मॉडप्रोब स्पेस डॅश आर स्पेस आरटीएल८७२३बीई’. मग परत घालायचा, पण पुढे एक गोष्ट जोडून: ‘सुडो स्पेस मॉडप्रोब स्पेस आरटीएल८७२३बीई स्पेस एएनटी अंडरस्कोर एसईएल बरोबर २’. अंडरस्कोर म्हणजे खालची रेघ, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा नाही, आकडा इंग्रजीत. काही लॅपटॉपना २ लागतो, काहींना १, दोन्ही करून बघायचं. इथे १ ने काही फरक पडला नाही. २ टाकला आणि नेटवर्कची यादी भराभर वाढत गेली, समोरच्या वाड्यातली, वरच्या मजल्यावरची, शेजारच्या खानावळीची. मुलगा यादीकडे बघत नुसता उभा राहिला.

हे रीस्टार्टनंतर टिकत नाही, म्हणून फाइलमधे लिहायचं. ‘सुडो स्पेस नॅनो स्पेस’ आणि पुढे पत्ता: तिरकी रेघ, ईटीसी, तिरकी रेघ, मॉडप्रोब टिंब डी, तिरकी रेघ, आरटीएल८७२३बीई टिंब कॉन्फ. उघडलेल्या कोऱ्या पानावर एकच ओळ: ‘ऑप्शन्स स्पेस आरटीएल८७२३बीई स्पेस एएनटी अंडरस्कोर एसईएल बरोबर २’. कंट्रोल आणि ओ, एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. पायरी मोकळी झाली.

कुठलाही ड्रायव्हर अशा कुठल्या सूचना ऐकतो ते ‘मॉडइन्फो स्पेस ड्रायव्हरचं नाव’ टाकल्यावर ‘पार्म’ने सुरू होणाऱ्या ओळींत दिसतं. अंदाजाने काही लिहिण्याआधी ती यादी वाचा.

लागतं पण तुटतं

दर काही मिनिटांनी संथ होतं किंवा सुटतं, चार्जर लावला की बरं चालतं, अशी तक्रार असेल तर पॉवर सेव्हिंगवर माझा पहिला संशय. उबंटू आणि मिंटमधे ईटीसीतल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात (इथे एन आणि एम ही अक्षरं मोठ्या लिपीतली), त्यातल्या कॉन्फ टिंब डी फोल्डरात ‘डिफॉल्ट डॅश वायफाय डॅश पॉवरसेव्ह डॅश ऑन टिंब कॉन्फ’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘वायफाय टिंब पॉवरसेव्ह’ पुढे ३ असतो, तो २ करा. ३ म्हणजे सुरू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी लवकर उतरेल. व्याख्यान मधेच तुटण्यापेक्षा ते परवडतं.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या लॅपटॉपवर विंडोज बंद केल्यावरही पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअप कार्डाला अर्धवट झोपवून ठेवतं. लिनक्समधे आलं की कार्ड उठत नाही. विंडोजमधे शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. त्याने फरक पडला तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा.

फोनला दिसणारं नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नसेल आणि बाकीची दिसत असतील, तर राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर आहे का बघा. देश ठरलेला नसला की कार्ड या चॅनेलवर गप्प राहतं. ‘आयडब्ल्यू स्पेस आरईजी स्पेस गेट’ टाकल्यावर देशाच्या जागी ००दिसलं तर हेच असण्याची शक्यता. सोपा उपाय राउटरवरच चॅनेल १, ६ किंवा ११ करण्याचा.

कार्ड दिसतच नाही

यादीत नेटवर्क कंट्रोलरच नाही, तर कुठलंही सॉफ्टवेअर टाकून उपयोग नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग सुरू करा. बायॉसमधे, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमधे, वायरलेस बंद आहे का बघा. तरी नाही तर झाकण उघडून कार्ड काढून परत नीट बसवा. आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, आणि तारांची बटणं ओढून नाही तर नखाने सरळ वर उचलून काढा.

कार्ड बदलायची वेळ आली तर मी इंटेलचं सुचवते, ड्रायव्हर कर्नेलमधेच असतो म्हणून. पण घेताना आकडा वाचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत. एएक्स२०१ दिसायला जवळजवळ तसंच, पण ते अर्धं काम लॅपटॉपच्या इंटेल चिपसेटकडून करून घेतं, ती व्यवस्था नसलेल्या लॅपटॉपमधे ते मुळीच चालत नाही. एएमडीच्या लॅपटॉपमधे तर नाहीच. दुकानातला माणूस “सगळं एकच आहे ताई” म्हणाला तरी आकडा बघूनच पैसे द्या. काही जुने लॅपटॉप बायॉसमधल्या यादीबाहेरचं कार्ड नाकारतात, म्हणून परत घेण्याचं आधी बोलून ठेवा.

इतकं करूनही अडलं आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं झालं, तर स्क्रीनचा तिरपा, धूसर फोटो पाठवू नका. आठ अक्षरं, कर्नेलचा आकडा, ड्रायव्हर इन यूजची ओळ आणि फर्मवेअरच्या ओळी, एवढं अक्षरात लिहून पाठवा. मला असं कुणी पाठवलं की निम्म्या वेळा मी चहा संपायच्या आत उत्तर देते.

काम झालं की मी लॅपटॉपच्या पोटाला एक छोटा कागद चिकटवते: आठ अक्षरं, ड्रायव्हरचं नाव, बदललेली फाइल आणि तारीख. दोन वर्षांनी हा लॅपटॉप धाकट्या भावाकडे जाईल, तो नवं लिनक्स टाकेल आणि ती फाइल पुसली जाईल. साक्रीच्या मुलाच्या कागदावर त्याने स्वतःच्या अक्षरात खाली आणखी एक ओळ घातली आहे: ‘१ नाही, २.’